न फळलेल्या कालवडी

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, आणि त्यांना मूल नव्हतं. घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण शेजारी बारसं असलं की सासूबाई त्यांना नेमकं त्याच वेळी काहीतरी काम सांगत आणि मला घेऊन जात. जाऊबाईही मुकाट्यानं कामाला लागत. 'मी येऊ का' असं त्यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही.

मी तिरोड्याची. वडील शाळेत मास्तर, घरी ढोर म्हणून नव्हतं. गाईपुढे पाण्याची बादली ठेवायची तरी मी ती लांबूनच सरकवायची. सासरचं गाव गोंदियाजवळच्या नागऱ्यापासून चालत जाण्यासारखं, भोवती सगळं धानाचं शिवार. गोठ्याला तिकडे कोठा म्हणतात. आमचा कोठा घराला लागूनच होता, मधे एक बुटकं दार. त्या दारातून जाऊबाई दिवसभर आतबाहेर करायच्या. गाई-बैल पुरुषांचे, पण वासरं त्यांची. वासरू जन्मलं की त्याचं अंग पुसण्यापासून ते रानात चरायला जाईपर्यंत सगळं त्याच बघायच्या. मला त्यांनीच ढोरांत उभं राहायला शिकवलं.

"लात नाही मारत वो थे," त्या हसून म्हणायच्या. "तू भेली का थेही भेते. अंगाला हात लाव पहिले, मंग बोल."

मला त्या 'लहानी' म्हणत. मी त्यांना 'बाई' म्हणे. माझे यजमान तिरोड्याला नोकरीला होते, शनिवारी येत आणि सोमवारी जात. त्यामुळे त्या घरात मला माझं माणूस असं त्याच होत्या.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. हिवतापाची फवारणी करणारे लोक त्या वर्षी गावात आले. खाकी कपडे, पाठीला पंप. त्यांनी घराघरातल्या भिंतींवर पांढरं औषध मारलं. भिंती चट्टेरी दिसू लागल्या, पण डास गेले, ढेकूण गेले, माश्यासुद्धा काही दिवस दिसेनाशा झाल्या. दरवर्षी घरटी एकदोन माणसं थंडीतापानं हुडहुडत पडायची, ती त्या साली पडली नाहीत. गावाला ती पांढरी दवाई देवाच्या अंगाऱ्यासारखी वाटायला लागली. मलाही वाटली.

त्याच पावसाळ्यात ढोरांना गोचीड फार झाली. कानात, मानेखाली, शेपटीच्या बुडाशी तिचे घोसच्या घोस लटकायचे. मोठी ढोरं कशीतरी सोसत, वासरं वाळत चालली. जाऊबाई करंजाचं तेल लावत, तंबाखूचं पाणी लावत, बसून एकेक गोचीड ओढून काढत आणि निखाऱ्यावर टाकत. तरी एक तान्हं वासरू मेलं. त्याच्या हिरड्या अगदी पांढऱ्याफटक झाल्या होत्या. त्या दिवशी जाऊबाई जेवल्या नाहीत.

मग मामाजी, म्हणजे माझे सासरे, गोंदियाच्या बाजारातून तीच पांढरी दवाई भुकटीच्या रूपात घेऊन आले. दुकानदार काय म्हणाला ते त्यांनी त्याच्याच हिंदीत आम्हाला ऐकवलं. "कीड़े का दुश्मन है, जानवर का नहीं. बच्चा भी चाट ले, तो कुछ नहीं होता."

त्या हंगामातली चार वासरं उरली होती. एक तांबडी कालवड, एक कपाळावर पांढरा ठिपका असलेली, एक राखी रंगाची, आणि एक काळा गोऱ्हा. जाऊबाई जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन बसत, मुठीनं भुकटी घेत आणि वासरांच्या अंगभर चोळत. कानात, पोटाखाली, मांड्यांच्या मधे, शेपटीखाली. गाईंच्या कासेलाही लावत, कारण गोचीड तिथंही चिकटे. खाली अंथरलेल्या तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावरही भुकटी भुरभुरवत. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होत. वासरं शिंकत, एकमेकांची अंगं चाटत, तोंडं पांढरी करून घेत आणि तशीच जाऊन आईला लुचत. ते पाहून आम्ही दोघी हसायचो.

गोचीड खरंच गळून पडली. वासरांच्या अंगावर तकाकी आली. शेजारपाजारचे लोक बघायला आले. सासूबाई अंगणात उभ्या राहून चारचौघींना म्हणाल्या, "हिच्या हाताले गुण हाये बाप्पा." जाऊबाईंना त्या घरात कौतुकाचा शब्द क्वचितच मिळे. त्या लगेच आत निघून गेल्या. नंतर मी पाहिलं, तर चुलीपुढे बसून त्या स्वतःशीच हसत होत्या.

पुढेही वासरं रानात जायला लागेपर्यंत ती भुकटी चालूच राहिली. त्यांचं वजन चांगलं भरलं, शिंगं वेळेवर फुटली. कुठं काही कमी आहे असं कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पहिल्यांदा कळलं ते गोऱ्ह्यावरून. त्याला बैल करायचा म्हणून मामाजींनी उन्हाळ्यात गोऱ्हे ठेचणाऱ्या, म्हणजे खच्ची करणाऱ्या माणसाला बोलावलं. तो गावोगाव हेच काम करत फिरे. अंगणात चार-पाच माणसांनी गोऱ्ह्याला दोर घालून पाडलं. दोराचं एक टोक भासऱ्यांच्या, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांच्या हातात होतं. बायकांनी असं काही बघायचं नसतं, म्हणून आम्ही दोघी कोठ्याच्या दाराआड होतो, पण बोलणं सगळं ऐकू येत होतं.

त्या माणसानं हात लावला, जरा चाचपलं आणि म्हणाला, "मालक, याले मी काय ठेचू गा? चिचोक्याएवढं तं हाये."

"नीट पाह्य," मामाजी म्हणाले.

"पाहूनच रायलो. एक होय का दोन, थेबी समजून नाही रायलं."

माणसं हसायला लागली. कुणीतरी गर्दीतून बोललं, "घरातलाच वारा लागला असंन त्याले." बोलणारा हळूच बोलला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. भासऱ्यांनी हातातला दोर टाकला आणि ते तडक शेताकडे निघून गेले. गोऱ्हा धडपडत उठला, अंग झाडलं आणि कोठ्यात येऊन जाऊबाईंच्या पदराला तोंड घासत उभा राहिला. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली.

मग सगळ्यांचं लक्ष कालवडींकडे गेलं. शेजाऱ्यांच्या त्याच हंगामातल्या कालवडी एकेक करून माजावर येत होत्या, गाभण राहत होत्या. आमच्या तिघी नुसत्या वाढत होत्या. कास सुपारीएवढीही धरली नव्हती. गावचा सांड रानात त्यांच्याजवळ यायचा, हुंगायचा आणि निघून जायचा. जाऊबाई रोज सकाळी कोठ्यात गेल्या की आधी तिघींना मागून निरखून बघत. एकदा तांबडी मोठ्यानं हंबरली. त्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावल्या, मीही मागे गेले. कालवडीची बादली कोरडी पडली होती. तिला तहान लागली होती, एवढंच. जाऊबाईंनी पाणी आणलं, आणि ती पिऊन होईपर्यंत पिठाचे हात बाजूला धरून तिथंच उभ्या राहिल्या.

सासूबाईंनी नागऱ्याच्या महादेवाला नवस केला. कुणी सांगितलं म्हणून कोठ्याच्या दारावर बिब्बा बांधला. काही फरक पडला नाही, तेव्हा एके दिवशी सकाळी त्या कोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"आजपासून कोठ्यात पाय टाकू नोको," त्या जाऊबाईंना म्हणाल्या.

"कायले, मामीजी?"

"कायले इचारून रायली? जे पोसते थेच वांझ निंगते. माह्या घराले आता ढोरंबी नाही होऊ द्याचे का तुले?"

मला तेव्हा दिवस गेले होते. मी शिकलेली, त्यात मास्तराची मुलगी, मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामीजी, असं कसं? भुऱ्या गाईचंही सगळं बाईच करतात. ती तर दर खेपेला वेळेवर विते."

"तू बोलू नोको," त्या माझ्याकडे वळल्या. "तू दोन जिवाची हायेस. अन् उद्यापासून हिच्या हातचं खाऊबी नोको."

जाऊबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली आणि घरात आल्या. त्यानंतर कोठ्यातलं काम एका गड्याकडे गेलं. कालवडी बुटक्या दाराशी येऊन आत माना घालत. जाऊबाई उठून ते दार लावून घेत. मी त्यांच्या हातचं खायचं सोडलं नाही. सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग बोलायला लागल्या. पण जाऊबाईंना दिलेली मनाई त्यांनी काही उठवली नाही.

शेवटी मामाजींनी गोंदियाहून ढोरांचे डॉक्टर आणले. तरुण होते, सायकलवर आले होते. त्यांनी तिन्ही कालवडींना आत हात घालून तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं, "यांची गर्भाची पिशवी वाढलीच नाही. लहान वासराची असते तेवढीच राहिली."

"तिघीचीबी?" मामाजींनी विचारलं.

"तिघींचीही. लहानपणी काही मोठा आजार झाला होता का?"

मामाजींनी नाही म्हणून मान हलवली. तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या जाऊबाई बोलल्या. पदर डोळ्यांवर होता. "दवाई लावली होती जी. गोचिडाची. पांढरी."

"कोणती? डीडीटी?" डॉक्टर जरासे हसले. त्यात टवाळी नव्हती. "बाई, ती तर माणसांच्या घरात मारतात. तिच्यानं किती माणसं वाचली. तिनं असं काही झालेलं आमच्या तरी कानावर नाही. एकाच सांडाची असतील ही, रक्तातच दोष असेल."

"दोन सांडाचे हायेत," मामाजी म्हणाले. "अन् त्या सांडायचे दुसरे वासरं चांगले हायेत."

डॉक्टरांनी हात पुसले. मग म्हणाले, "मग मला सांगता येत नाही." ते प्रामाणिकपणे बोलले, असंच मला आजही वाटतं. त्यांना तरी तेव्हा कुणी काय सांगितलं होतं? ते गेल्यावर सासूबाई अंगणातच म्हणाल्या, "आजार नाही, रक्त नाही, दवाई नाही. मंग काय उरलं?"

त्या दुपारी आम्ही दोघी विहिरीवर धुणं धूत होतो. जाऊबाई बराच वेळ एकच लुगडं आपटत राहिल्या, मग थांबल्या.

"लहानी, दवाईनंच झालं असंन वो."

"डॉक्टर तर नाही म्हणाले, बाई."

"मोठ्या गाईयलेबी लावली होती मी. त्यायले काही झालं नाही, थे फळल्या. हे चौघं तान्हे होते. कवळं अंग होतं. जे वाढाचं होतं थे तवाच जळून गेलं असंन." त्यांनी आपले ओले हात समोर धरले आणि पुन्हा पाण्यात घातले. "दवाईनं झालं तं माह्याच हातानं झालं. नाही झालं तरी लोकायच्या हिशेबानं माह्याच हातानं झालं. मी कोनाले काय सांगू?"

मी त्यांना म्हटलं की तुम्ही जीव वाचवायलाच लावली होती, तुमचा काय दोष. त्यांनी मान डोलावली. पण ती मला बरं वाटावं म्हणून डोलावली होती, हे मला दिसत होतं.

मला मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत जाऊबाईंना येऊ दिलं नाही. सुईणीनं नंतर सांगितलं की पोर रडेपर्यंत त्या अंगणात उभ्या होत्या, आवाज ऐकला आणि मग शेतात गेल्या. बारसं झाल्यावर एके दिवशी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी मुलीला उचलून नेलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी तिला हात न लावता नुसतं पाहिलं. मग एका बोटानं तिची मूठ उघडली. थोड्याच वेळात म्हणाल्या, "घे वो. कोनी पाह्यलं तं तुले बोलतीन."

मी म्हटलं, "बोलू द्या." पण त्यांनी मुलीला उचलून माझ्या हातात दिलं.

पुढच्या उन्हाळ्यात मामाजींनी कालवडी विकायचं ठरवलं. न व्यायणारी, न औताची ढोरं कुठवर पोसायची, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचंही नव्हतं. एक व्यापारी आला आणि तांबडी आणि ठिपकेवाली घेऊन गेला. त्या कुठं जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. राखी कालवडीला घ्यायला तो दोन दिवसांनी परत येणार होता.

त्या संध्याकाळी मामाजी ओसरीवर बसले असताना जाऊबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सासऱ्यांशी त्या कधी थेट बोलत नसत.

"मामाजी, मले माहेरी जाऊ द्या. हे राखी संगं द्या. दुसरं काही नोको."

सासूबाई आतून बाहेर आल्या, पण मामाजींनी हातानंच त्यांना थांबवलं. ते मग उठले, स्वतः कोठ्यात गेले, राखीला सोडून आणलं आणि दावं जाऊबाईंच्या हातात दिलं.

सकाळी त्या निघाल्या. त्यांचं माहेर सालेकशाच्या बाजूला, जंगलाला लागून. वाटेत आमगावला मावशीकडे मुक्काम करणार होत्या. भासरे दारात उभे होते. "मी पोचवून देतो," ते म्हणाले.

"नोको. लोक म्हनतीन हाकलून आनून टाकलं. मी माही मी जाईन."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, की रडल्या नाहीत. राखीच्या पाठीवर थाप मारली आणि चालू लागल्या. कालवड अगदी सवयीनं चालावी तशी त्यांच्या मागे गेली. भासरे दुपारपर्यंत तिथंच दाराशी बसून होते.

काळ्या गोऱ्ह्याला गाडीला जुंपायला लागले. त्याची मान कधी भरली नाही, वशिंडही वाढलं नाही. चढाला तो गुडघे टेकायचा. भासरे त्याला मारत नसत. उतरून स्वतः चाकाला हात लावत. दोन पावसाळे त्यानं काढले आणि घटसर्पानं गेला.

मधल्या काळात आमचा भाग मुंबई राज्यात गेला होता. मुलगी तुरुतुरु चालायला लागल्यावर मी यजमानांना म्हटलं, मला बाईंना भेटायचंय. ते रेल्वेनं मला सालेकशाला घेऊन गेले, तिथून पुढे पायी. चैत्र होता. रानभर मोहाची फुलं पडली होती. जाऊबाई भावाच्या अंगणात फुलं वाळत घालत होत्या. वाळल्या होत्या, केस पांढरे झाले होते. मुलीला पाहून उठल्या. इथं कुणी अडवणारं नव्हतं, तरी त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली तेव्हा त्यांनी तिला कडेवर घेतलं.

राखी परड्यात बांधलेली होती. आडव्या हाडाची, बैलासारखी थोराड. त्यांच्या भावानं तिला नांगराला धरलं होतं. त्या बाजूला भाकड गाय औताला धरतात.

"कामाची झाली," जाऊबाई म्हणाल्या. "नाही तं माह्या भावजयीनं ठेवूच दिली नसती. आमाले दोघीलेही."

जेवताना त्यांनी सगळ्यांची चौकशी केली, सासूबाईंच्या गुडघ्यांचीसुद्धा. मग मुलीच्या केसांत बोटं घालून विचारलं, "उवा होतेत का हिले?"

"होतात ना. सगळ्यांच्याच पोरांना होतात."

"मंग काय लावते?"

मी म्हटलं, गावात सगळे तीच पांढरी भुकटी लावतात, डोक्याला फडकं बांधून ठेवतात. जाऊबाईंचा हात थांबला.

"तू नोको लावू. कंगव्यानं काढ. वेळ लागंन, पन काढ. मी बरोबर म्हनून रायली का चूक, मले माहीत नाही. पन तू नोको लावू."

मी त्यांना शब्द दिला आणि तो पाळला.

पुढे फार वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं की असली औषधं कोवळ्या जनावरांच्या अंगात गेली, तर त्यांच्या पिलं होण्याच्या अवयवांची वाढ बिघडू शकते. वाढलेल्या जनावराला जे सोसतं ते तान्ह्याला सोसत नाही. वाचून मी पेपर बाजूला ठेवला. आमच्या कालवडींना तेच झालं होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. कदाचित दुसरंच काही असेल. तेव्हा ज्यांनी शोधायला हवं होतं त्यांना शोधायचं सुचलं नाही, आणि जिला सुचलं तिचं कुणी ऐकून घेतलं नाही.

सालेकशाहून परत आल्यावर मी भासऱ्यांना एवढंच सांगितलं की बाई वाळल्या आहेत. त्याच आठवड्यात ते त्यांना आणायला गेले. चार दिवसांनी एकटेच परत आले. सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनते थे?"

"येत नाही म्हनते," त्यांनी सांगितलं आणि हातपाय धुवायला गेले. मी ताट वाढलं. जेवता जेवता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाकर चांगली करते अजून."

त्यानंतर दरवर्षी धान कापून झालं की ते काही दिवस तिकडे जात, मेहुण्याच्या खळ्यावर मळणी करू लागत आणि परत येत. दोघं काय बोलत असतील, बोलत असतील की नाही, मला माहीत नाही. जाऊबाई आमच्या घरी पुन्हा कधी आल्या नाहीत.